पान्यावरचा आकडा कशाचा?

आमच्या सोसायटीच्या पंपखोलीत पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यातल्या एका पान्यावर १/४ डब्ल्यू असं कोरलंय, दुसऱ्यावर १/२ एएफ, तिसऱ्यावर नुसतं १३. पाव, अर्धा आणि तेरा. तिन्ही पाने तोंडाला तोंड लावून धरले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. एकाच्या जागी दुसरा सहज चालेल असं वाटतं. मग आकडे इतके लांबलांबचे का? आणि पाव इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटरसुद्धा नाही, तर त्या पान्याचं तोंड त्याच्या दुपटीहून जास्त उघडं कसं?

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवत असे. मापन हा माझा आवडता धडा. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापायचे, कारण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो हे मुलांच्या मनावर ठसलंच पाहिजे असं मला वाटायचं, आजही वाटतं. निवृत्तीनंतर सोसायटीच्या कमिटीत गेले आणि पाण्याचं काम माझ्याकडे आलं. मुलुंड पूर्वेची आमची इमारत सत्तरच्या दशकातली. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला खालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने वरच्या टाकीत चढवायचं. पंप थांबला की सगळी बिल्डिंग कोरडी. तर पंप खडखडायला लागला, वॉचमनने पायाचे बोल्ट ढिले झाल्याचं सांगितलं, आणि मी पेटी उघडून बसले.

पंपाचं काम बघणारे काका मुलुंडच्या सरकारी आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेले. पुढची सगळी नोकरी लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत. आता सत्तरी ओलांडली, तरी हात पक्का आहे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून मला ते बाईच म्हणतात. मी शाळेतली पट्टी एका नटावर धरून बसले होते. एका बाजूने दहा येत होते, जरा फिरवून धरली की साडेअकराच्या आसपास. एकाच नटाची दोन मापं.

"बाई, कुठून कुठे मोजताय ते आधी सांगा," काका म्हणाले. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायचं नाही. सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत. पाना धरतो कुठे? सपाट बाजूंना. मग माप तिथलंच."

नट षट्कोनी. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर दहा मिलिमीटर असेल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर ११.५५ भरतं. षट्कोनाचं गणितच तसं आहे, सपाट मापाला १.१५५ ने गुणायचं. मी भूमितीचे षट्कोन कंपासने कितीदा काढले असतील, पण हे गुणोत्तर कधी नटावर पाहिलं नव्हतं. सतराच्या नटाचे कोपरे जवळजवळ वीस भरतात. नवख्या माणसाच्या पट्टीवर हेच माप आधी येतं, कारण कोपरे टोकदार असतात आणि पट्टी तिथेच टेकते.

म्हणजे आजच्या मिलिमीटरच्या पान्यावर १३ लिहिलं असेल तर तो तेरा मिलिमीटर रुंद डोक्याच्या नटबोल्टचा पाना. तोंड स्वतः तेराहून किंचित मोठं असतं, नाहीतर ते नटावर चढणारच नाही. आणि नट तेराहून मोठा कधीच नसतो, झाला तर किंचित लहान. हा भाग मला फार आवडला. दहाच्या नटाला मानकाने दहा ही वरची मर्यादा घातली आहे आणि खाली ९.७८ पर्यंत सूट दिली आहे. दोन कारखाने एकमेकांना न विचारता माल काढतात, एक नट, दुसरा पाना, आणि मुलुंडच्या तळघरात ते एकमेकांत बसतात. कारण आकड्याच्या कोणत्या बाजूला कोणी राहायचं हे आधीच ठरलेलं आहे.

इथवर समजलं तेव्हा वाटलं, झालं. पण पायाचे बोल्ट पुढे होते.

चार बोल्ट, चारही एकाच जाडीचे, पंपाच्या बैठकीची चारही भोकं सारखी. सतराचा पाना तीन बोल्टांवर घट्ट बसला, चौथ्यावर सरकायला लागला. चौथा बोल्ट नवा होता. आधीचा गंजून तुटला म्हणून कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून एम-१० म्हणून आणलेला. दुकानदाराने दिला तो एम-१०च होता. आटे बरोबर बसले, लांबी बरोबर होती. फक्त डोकं सोळाचं होतं.

एम-१० म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट. हा दहा आकडा बोल्टच्या अंगाचा, डोक्याचा नाही. पाना मात्र डोक्याला लागतो. त्यामुळे एम-१०ला दहाचा पाना चालतच नाही. दहाचा पाना चालतो एम-६ला. मला हे पचायला वेळ लागला, कारण दोन्हीकडे एकक तेच, मिलिमीटर. मुलांना मी शिकवलेला नियम इथे पाळलेला होता आणि तरी आकडा अर्धवटच राहिला होता. मिलिमीटर, ठीक. पण कशाचे?

काकांनी खडूने भिंतीवर लिहून दिलं. एम-५ला आठ, एम-६ला दहा, एम-८ला तेरा, एम-१६ला चोवीस, एम-२०ला तीस. यांत भांडण नाही. भांडण आहे ते एम-१०, एम-१२, एम-१४ आणि एम-२२ या चौघांत. जुन्या मानकात त्यांची डोकी १७, १९, २२ आणि ३२ होती, नव्या आंतरराष्ट्रीय मानकात ती १६, १८, २१ आणि ३४ झाली. भारतीय मानकही नव्याबरोबर गेलं. बाजारात मात्र दोन्ही माल आहेत. जुन्या डोक्याचा बोल्ट आजही बनतो आणि विकला जातो, कारण लाखो यंत्रांवर तोच बसलेला आहे आणि प्रत्येक मेकॅनिकच्या पिशवीत सतरा आणि एकोणीसचे पाने आहेत. काउंटरवर "एम-१० द्या" म्हटलं की जो हाताला लागेल तो मिळतो. माझ्या मते ही दुकानदारांची सोय असेल, गिऱ्हाइकाची नाही. पुडक्यावर बोल्टच्या जाडीशेजारी डोक्याचं माप छापायला किती शाई लागते?

काका नुसत्या हाताने ओळखतात. पाना नटावर ठेवला, मनगट जरा हलवलं, की "सोळा आहे हा". सतराचा पाना सोळाच्या डोक्यावर जोर लावून फिरवला तर तो कोपऱ्यांवर चढतो आणि कोपरे सोलतो. एकदा नट गोल झाला की मग कोणताच पाना धरत नाही, छिन्नी-हातोडी नाहीतर कटर. म्हणून एका मिलिमीटरचा फरक क्षुल्लक नाही. तो बोल्ट पुन्हा कधी सुटणार की नाही ते ठरवतो.

यानंतर मी माझ्या स्कूटरकडे बघायला लागले. तिथे आणखी निराळं. जपानी घराण्यातल्या गाड्यांवर एम-८ बोल्टचं डोकं सहसा बाराचं असतं, तेराचं नाही, आणि एम-१०चं चौदाचं. जपानी मानकाने डोकी लहान धरली. म्हणूनच गॅरेजमध्ये पोऱ्याला सारखी हाक ऐकू येते, दहा दे, बारा दे, चौदा दे. आणि पंपवाल्याकडे ऐकू येते तेरा, सतरा, एकोणीस. मी अनेक वर्षं मुलुंड स्टेशनजवळच्या गॅरेजांवरून चालत गेले असेन, या हाका कानावर पडल्या असतील, पण त्या आकड्यांत एक देश दडला आहे हे आता कळलं. फिक्स पान्याच्या दोन टोकांना दोन मापं असतात, सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा असे बारा पाने मिळून तीस-बत्तीसपर्यंतचा संच होतो. बारा-तेराचा पाना एका टोकाने जपानी आणि दुसऱ्या टोकाने युरोपी एम-८ सोडवतो. संचातला सगळ्यांत उपयोगी पाना हाच, असं माझं मत झालं आहे.

पण पेटीतला १/४ डब्ल्यू अजून बाकी होता, आणि मला खरी ओढ त्याचीच होती.

डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली लंडनमध्ये एक निबंध वाचला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थने वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा करून मोजले, त्यांचा मध्य काढला आणि आट्याचा कोन ५५ अंश ठरवला. कोणत्या जाडीच्या बोल्टला इंचात किती आटे, हेही ठरवलं. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्याच वाटेने, आणि तिची इंजिनं विलायतेहून आलेली. मागोमाग गिरण्या आल्या, छापखाने आले, पंप आले. या शहराला यंत्राची ओळख झाली ती इंग्रजी इंचातून.

व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा तोंडाचा नाही. तो बोल्टच्या जाडीचा आहे. पाव इंच जाडीच्या बोल्टचं डोकं किती रुंद हे त्या पद्धतीत ठरलेलं होतं, ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. फिटरला बोल्ट पाव इंची आहे एवढं माहीत असलं की त्याने पाव इंच लिहिलेला पाना उचलायचा, डोकं मोजण्याची गरजच नाही. माझं कोडं सुटलं ते इथे. साडेसहा मिलिमीटर हे त्या पान्याच्या तोंडाचं माप कधीच नव्हतं. खरं सांगायचं तर मला ही पद्धत मनापासून आवडली. ती कामगाराच्या डोक्याने विचार करते. पण ती चालते तोवरच, जोवर जगात एकच तक्ता आहे. बारीक आट्यांचे ब्रिटिश बोल्ट आले, त्यांची डोकी एक पायरी लहान. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थ बोल्टांचीही डोकी तेवढीच लहान केली. मग एकाच पान्यावर दोन आकडे कोरायची वेळ आली. आमच्या पान्यावरही गंज घासल्यावर १/४ डब्ल्यूच्या शेजारी ५/१६ बीएस निघालं. पाव इंची जुन्या बोल्टला आणि पाच सोळांश इंची बारीक आट्याच्या बोल्टला तोच पाना.

"आम्ही याला दोन सुताचा पाना म्हणायचो," काका म्हणाले. एका इंचाचे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, अर्धा म्हणजे चार. बांधकामावर दहा मिलिमीटरच्या सळईला आजही तीन सूत म्हणतात. मला शाळेत दशमान पद्धत शिकवायला आनंद वाटायचा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, वजनमापांचा कायदा १९५६चा, आणि मेट्रिक मापं ऑक्टोबर १९५८पासून लागू व्हायला लागली. माझी समजूत होती की तिथे जुनं संपलं. पंपखोलीत उभं राहिल्यावर दिसलं की कायदा तराजूपर्यंत लवकर पोहोचला, बोल्टपर्यंत पोहोचायला त्याला फार वेळ लागला. किलोचं वजन एका दिवसात बदलता येतं. चालू यंत्राचा बोल्ट यंत्र भंगारात जाईपर्यंत बदलता येत नाही.

राहिला एएफ. हे अमेरिकी वळण. इथे इंचच, पण माप सपाट बाजूंमधलं, मिलिमीटरच्या पान्यासारखं. १/२ एएफ म्हणजे डोकं अर्धा इंच रुंद, १२.७ मिलिमीटर, आणि त्यातला बोल्ट पाच सोळांश इंची. दोन्ही इंचांचे पाने, दोन्हींवर अपूर्णांक, आणि तरी एकाचा आकडा बोल्टचा तर दुसऱ्याचा डोक्याचा. शर्टाचा चाळीस नंबर छातीचा आणि पँटचा बत्तीस कमरेचा, तसं हे.

असे पाने मुंबईच्या उपनगरात कुठून आले याला काकांचं उत्तर होतं, जिथे गाड्या बनल्या तिथून. कांदिवलीला महिंद्रच्या कारखान्यात जीप बनायची. ती मूळची अमेरिकी विलीज, तिचे बोल्ट एएफवाले. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट बनायची, पुढे तिलाच पद्मिनी नाव मिळालं. ती इटलीची, तिचे पाने मिलिमीटरचे. शहरभर धावायची ती काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. जुन्या बुलेट मोटरसायकलींना विलायती पाने लागत. एकेकाळी कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एखाद्या मोठ्या गॅरेजात काम शिकणाऱ्या पोराला तिन्ही घराण्यांचे पाने ओळखावे लागत. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे बरेच कारखाने आता गेले, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. पण त्या कारखान्यांतल्या हातांमधून पाने घराघरांत, सोसायट्यांच्या पेट्यांत, भंगारच्या दुकानांत उतरले. आमच्या पेटीतले तीन पाने तीन देशांच्या तीन तक्त्यांतले आहेत, आणि ते शेजारी पडलेत त्याचं कारण हा परिसर आहे.

तिघांच्या तोंडांतला फरक पट्टीवर दिसत नाही, म्हणून मी व्हर्निअर आणला. आयटीआयमध्ये मुलं शिकतात तो, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत वाचता येणारा. १२.७, १३.० आणि १३.३ पेक्षा प्रत्येक पाना केसभर जास्त भरला, जसा भरायला हवा तसा. ते आकडे व्हर्निअरवर वाचताना मला जो आनंद झाला तो सांगून समजणार नाही. तीन वेगळ्या भाषांत लिहिलेली तीन वाक्यं एकदम वाचता यावीत तसं वाटलं. अर्धा इंच एएफचा पाना तेराच्या डोक्यावर चढत नाही, तेराचा पाना अर्धा इंचावर ढिला बसतो, आणि व्हिटवर्थचा तर तेरावर चांगलाच डुगडुगतो. काही जोड्या मात्र नशिबाने जुळतात. पाऊण इंच एएफ म्हणजे १९.०५, एकोणीसच्या जागी बिनधास्त चालतो. पाच सोळांश एएफ म्हणजे ७.९४, तो आठच्या अगदी जवळ. पण याला पद्धत समजू नये, हा योगायोग आहे.

मग मी दुकानात स्क्रू पाना मागितला आणि दुकानदाराने विचारलं, "आठ इंची देऊ का दहा इंची?" तोंड दहा इंच उघडणारा पाना मी कुठे वापरणार! ते माप पान्याच्या स्वतःच्या लांबीचं. आठ इंची म्हणजे सुमारे २०५ मिलिमीटर लांब, दहा इंची २५५. तोंड स्क्रूने कमीजास्त होतं, म्हणून तोंडाचा एक आकडा देता येत नाही, मग लांबीच सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनने आज आपण वापरतो त्या घडणीचा स्क्रू पाना बनवला. दातेरी पाईप पान्याचंही माप लांबीचंच, चौदा इंची, अठरा इंची. गोटी पान्याच्या संचात तर आणखी मौज दिसली. गोट्यांवर दहा, बारा, तेरा असे मिलिमीटर, आणि त्या ज्या चौकोनी दांड्यावर बसतात तो दांडा अर्धा इंच. जगभर तो इंचातच आहे, मिलिमीटरच्या देशांतही. मला यात काही गैर वाटत नाही. गोटी आणि दांडा एकमेकांत बसले की झालं, नटाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पण सगळ्यांत जास्त गोंधळ नळाने घातला. पंपापासून वर जाणाऱ्या पाईपची एक जोडणी गळत होती. प्लंबर म्हणाला, "अर्धा इंच आहे ताई." मी व्हर्निअर लावला तर पाईप बाहेरून २१.३ मिलिमीटर. अर्धा इंच १२.७. आत मोजलं तरी १२.७ नाही, त्याहून जास्त. कुठेही मोजा, अर्धा इंच सापडतच नाही. जुन्या काळी लोखंडी नळीचं नाव तिच्या आतल्या भोकावरून पडलं. भिंत तेव्हा जाड होती. पुढे धातू सुधारला, भिंत पातळ झाली, पण बाहेरचं माप हलवता येईना, कारण आटे बाहेरच्या अंगावर पाडलेले असतात आणि ते जुन्या जोडण्यांना बसले पाहिजेत. म्हणून भोक वाढलं आणि नाव तेच राहिलं. अर्धा इंची आट्यांची बाहेरची जाडी २०.९५५ मिलिमीटर, इंचाला चौदा आटे, कोन ५५ अंश.

५५ अंश! हा व्हिटवर्थचाच कोन. बोल्टांमधून हद्दपार झालेला व्हिटवर्थ नळाच्या आट्यांत शाबूत आहे. स्वयंपाकघरातला नळ, न्हाणीघरातला शॉवर, गीझरची जोडणी, सगळीकडे ब्रिटिश पाईप आटे, आणि आपल्या भारतीय मानकानेही ते तसेच ठेवले आहेत. नवी पांढरट पिवळी सीपीव्हीसीची अर्धा इंची नळी मात्र बाहेरून १५.९ मिलिमीटरच भरते, तिचं घराणं आणखी वेगळं, तांब्याच्या नळ्यांचं. म्हणून लोखंडी पाईपला ती जोडायची तर मध्ये पितळी आट्यांचा तुकडा लागतो. दोघांचं नाव अर्धा इंच, आणि दोघं एकमेकांत बसत नाहीत.

हे सगळं शाळेत का नाही, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मापन शिकवताना आम्ही मुलांना पेन्सिल मोजायला देतो, वहीची कडा मोजायला देतो. नट दिला असता तर? एक नट आणि एक पट्टी. कुठून कुठे मोजायचं हा प्रश्न त्यांना स्वतःहून पडला असता, आणि एककाच्या शेजारी 'कशाचं' अशी दुसरी चौकट लागते, हे त्यांना चौथीतच कळलं असतं. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या किती मुलांचे वडील या कारखान्यांत होते. त्यांच्या डब्यांत व्हर्निअर होते आणि त्यांच्या मुलांच्या वर्गात मी पेन्सिल मोजायला देत होते.

पायाचे बोल्ट आम्ही चारही एकाच डोक्याचे घातले, सतराचे, खाली मोठे वायसर देऊन. काकांनी मला ते स्वतः आवळायला लावले. पान्याला पाईप लावून लांबी वाढवायची नाही, अशी सक्त ताकीद होती. पान्याची लांबी साधारणपणे त्याच्या बोल्टला सोसेल एवढ्या जोराच्या हिशेबाने ठेवलेली असते. दहाचा पाना आखूड असतो तो एम-६ बोल्टवर नको तेवढा जोर पडू नये म्हणून. पंपाची खडखड थांबली.

व्हिटवर्थ आणि एएफचे पाने पेटीतून काढून वेगळ्या पिशवीत ठेवले आहेत. पंपाला ते लागत नाहीत, पण वरच्या टाकीजवळचा एक जुना व्हॉल्व्ह अजून इंचातला आहे, म्हणून टाकले नाहीत. पंपखोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतलं आहे: पायाचे बोल्ट एम-१०, डोकं १७, फ्लँजचे बोल्ट एम-१६, डोकं २४, वरचा व्हॉल्व्ह, इंची पाना, पिशवी पाहा. तुमच्या सोसायटीची पंपखोली असेल, घरची मोटर असेल, सायकल किंवा स्कूटर असेल, तर एकदा मापं घेऊन ती अशी लिहून ठेवा. बोल्ट आणायला जाल तेव्हा जुना बोल्ट बरोबर न्या, नेता येत नसेल तर जाडी आणि डोकं अशी दोन्ही मापं सांगा, आणि दुकानदाराने आकडा सांगितला की तो कशाचा आहे हे विचारूनच पैसे द्या.